आधी भोक, मग माती

शीर्षक वाचून हसू आलं असेल तर आधी माझी फजिती ऐका.

सेकंड इयरला असताना एका रविवारी आम्ही तिघं जुन्या बाजारात गेलो होतो. गेलो होतो खरं तर स्वस्तातला ड्राफ्टर शोधायला. ड्राफ्टर काही मिळाला नाही, पण एका गोणपाटावर पांढरा, निळ्या काठाचा एनॅमलचा पसरट टब दिसला. घासाघीस करून घेतला आणि बसमध्ये मांडीवर ठेवून हॉस्टेलवर आणला. त्यात मोगरा लावायचं ठरलं. इतक्या देखण्या टबाला भोक पाडायचं कुणाच्या जिवावर येईना. मग विंगमधल्या एका जाणकारानं सल्ला दिला, "तळाला खडीचा थर दे. जास्तीचं पाणी खडीत उतरतं." नव्या बिल्डिंगच्या कामावरून खडी आणली, वर माती भरली, मोगरा लावला आणि टब कॉरिडॉरमध्ये ठेवला.

महिन्याभरात पानं पिवळी पडली. पाणी कमी पडतंय असं वाटून आम्ही ते वाढवलं. तिघं होतो, त्यामुळे प्रत्येकानं आपापलं पुण्यकर्म म्हणून दिवसातून एकेक मग ओतला. जुलैमध्ये मोगरा गेला. आमच्या माळीमामांनी टब उपडा केला, तेव्हा कॉरिडॉरभर गटाराचा वास सुटला. मुळं काळी आणि बुळबुळीत झाली होती. मामा एवढंच म्हणाले, "झाड तहानेनं नाही मेलं रे पोरांनो, बुडून मेलं."

त्यानंतरच्या दोन वर्षांत आम्ही भंगारातून बरीच बाग उभी केली. तेलाचे डबे, गळक्या बादल्या, उन्हाळ्यानंतर टाकून दिलेले माठ, फुटक्या बरण्या, जे मिळेल ते. अर्थात ही आमची काही नवी कल्पना नव्हे. १९३७ साली डालडा बाजारात आला आणि त्यानंतर चाळीचाळींच्या कठड्यांवर डालड्याच्या डब्यातल्या तुळशी दिसू लागल्या. आपल्या आज्यांना हे सगळं ठाऊक होतं. आपण मात्र वस्तूच्या दिसण्यावर भुलतो आणि ती कुंडी म्हणून काम कसं करणार याचा विचारच करत नाही.

कुठलीही जुनी वस्तू कुंडी म्हणून उचलण्याआधी तीन प्रश्न विचारावेत, असं आता मी प्रत्येकाला सांगतो. यातून पाणी जाणार कुठून? यात आधी काय होतं? आणि भरल्यावर हिचं वजन पेलणार कोण? पहिला प्रश्न चुकला तर झाड मरतं. पुढचे दोन चुकले तर प्रकरण झाडावर थांबत नाही.

पाणी जाणार कुठून?

मुळांना पाणी लागतं तशीच हवाही लागते. मुळंसुद्धा श्वास घेतात. मातीच्या कणांमधली सगळी पोकळी पाण्यानं भरली की आत प्राणवायू पोचत नाही, मुळं गुदमरतात, मग कुजवणारे जंतू आपलं काम सुरू करतात. तो गटाराचा वास त्याचाच. गंमत अशी, की कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे वरून झाड तहानल्यासारखंच दिसतं. आपण आणखी पाणी घालतो आणि उरलंसुरलं काम पूर्ण करतो.

आता खडीचं काय चुकलं ते पाहू. त्यासाठी भांडी घासायचा साधा स्पंज घ्या. तो पाण्यात पूर्ण भिजवून तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि मग थांबेल. आता तोच स्पंज न पिळता उभा धरा. आणखी पाणी गळायला लागेल! स्पंज तोच, भोकं तीच, मग हे जादा पाणी आलं कुठून?

याचं उत्तर फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्येच आहे. बारीक पोकळीत पाणी केशाकर्षणानं धरून ठेवलं जातं. नळीची त्रिज्या अर्धा मिलिमीटर असेल तर पाणी सुमारे ३ सेंटीमीटर उंचीपर्यंत टिकतं, पाव मिलिमीटर असेल तर सुमारे ६. मातीतली पोकळी म्हणजे अशा वेड्यावाकड्या नळ्याच. म्हणून भोक असलेल्या कुंडीतसुद्धा तळाशी पाण्यानं गच्च भरलेला एक थर उरतोच. या थराची उंची मातीच्या पोतावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. समजा एखाद्या मातीत हा थर ५ सेंटीमीटर राहतो. मग ३० सेंटीमीटर खोल डब्यात एक षष्ठांश माती चिखल झाली, बाकी सगळी मोकळी. पण तीच माती १२ सेंटीमीटरच्या पसरट टबात भरली तर जवळजवळ अर्धी माती कायम चिखल! आडव्या स्पंजासारखीच त्याची गत.

म्हणजे आमच्या टबाला भोक नव्हतं ही पहिली चूक, आणि तो उथळ होता ही दुसरी. खडी टाकून आम्ही तिसरी केली. मातीतली बारीक पोकळी पाण्याला घट्ट धरते, खडीतल्या मोठ्या फटींना ते जमत नाही. त्यामुळे मातीचा तळ पूर्ण भिजून गच्च होईपर्यंत पाणी खडीत उतरतच नाही. खडीनं चिखलाचा थर घालवला नाही, फक्त उचलून मुळांच्या आणखी जवळ नेला. तेव्हा भोकावर माती वाहून जाऊ नये म्हणून एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा ठेवा, तेवढा पुरे. बाकीची सगळी जागा मातीला द्या.

भोक पाडायचं कसं?

वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब करून हात काळे केलेत, त्याचा इथे उपयोग होतो.

पत्र्याचा डबा असेल तर तो लाकडी ठोकळ्यावर ठेवा आणि जाड खिळा आतून बाहेर ठोका. उलट ठोकलात तर पत्र्याची कड आत वळते आणि तिच्याभोवती पाण्याचं तळं साचतं. १५ किलोच्या तेलाच्या डब्याला ८ ते १० मिलिमीटरची पाच-सहा भोकं पुरतात. वरची कापलेली धार पक्कडीनं आत दुमडून घ्या, नाहीतर झाडाआधी धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागेल.

प्लॅस्टिकला ड्रिल उत्तम. सळई तापवून भोक पाडायची पद्धत सोपी आहे खरी, पण धूर वाईट. करायचंच असेल तर उघड्यावर करा आणि पीव्हीसीच्या वस्तूला तर अजिबात नको, कारण तापलेल्या पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते.

मातीचा माठ रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी वाळूच्या ढिगावर उपडा ठेवा आणि खिळ्यानं हलक्या हातानं टोकत राहा. घाई केली की माठाच्या खापऱ्याच हातात येतात (आमच्या पहिल्या तीन माठांचं हेच झालं). लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीला मात्र डायमंड बिट लागतं. जागेवर चिकटपट्टी लावायची म्हणजे बिट घसरत नाही, ड्रिलचा हॅमर मोड बंद ठेवायचा, वेग कमी ठेवायचा आणि मधून मधून पाण्याचे थेंब टाकायचे. पाणी आणि विजेचं ड्रिल एकत्र आलं की काय होऊ शकतं ते वेगळं सांगायला नको. थेंब टाकायचं काम दुसऱ्याला द्या, तेही ड्रिल थांबवून.

आणि आजीच्या तांब्या-पितळेच्या घंगाळाला भोक? मुळीच नको. एक तर वस्तू वाया जाते. शिवाय ओल्या मातीत तांबं थोडं थोडं विरघळतं आणि मुळांना ते सोसत नाही. काही नर्सऱ्या कुंडीच्या आतल्या बाजूला तांब्याचा लेप देतात, तो मुळं कडेला पोचली की तिथेच थांबावीत म्हणूनच! घंगाळात तळाला दोन विटांचे तुकडे ठेवा आणि त्यावर भोकवाली साधी प्लॅस्टिकची कुंडी बसवा. दिसायला घंगाळ, कामाला कुंडी. फक्त तळाशी साचलेलं पाणी ओतून द्यायला विसरू नका.

यात आधी काय होतं?

हा प्रश्न आम्ही शिकलो तो मेसच्या चटणीमुळे. आमच्यापैकी एकानं भंगारवाल्याकडून प्लॅस्टिकचा एक जाडजूड कॅन जवळजवळ फुकटात आणला. आडवा कापून दोन छान ट्रे झाले. साबणाच्या पाण्यानं दोनदा धुतले, तळाला भोकं पाडली (एवढी अक्कल तोवर आली होती) आणि पुदिना लावला. पुदिना असा फोफावला की मेसच्या मावशींनी रविवारच्या चटणीसाठी तो राखूनच ठेवला.

शनिवारी संध्याकाळी माळीमामांची नजर कॅनवर उरलेल्या लेबलच्या तुकड्यावर गेली. त्यावर अर्धा लाल त्रिकोण होता. मामांनी काही न बोलता पुदिना मुळांसकट उपटला. आम्ही वाद घातला, "मामा, दोनदा धुतलाय!" ते म्हणाले, "मग यातून पाणी पितोस का?" कुणीच पुढे झालं नाही.

कीटकनाशकांच्या लेबलवरचा तो त्रिकोण १९७१ च्या नियमांनुसार छापावा लागतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असं समजू नका, ते चारांतलं सौम्य, इतकंच. साबणानं धुऊन हे का जात नाही? कारण बरीच कीटकनाशकं तेलात विरघळणारी असतात आणि प्लॅस्टिकच्या भिंतीत ती मुरतात. वरून धुतलं तरी आत मुरलेलं हळूहळू बाहेर येत राहतं. तो कॅन पुन्हा भंगारात गेला असता तर कुणीतरी त्यात पाणी भरलं असतं. म्हणून रेक्टर सरांनी तुकडे आणि माती दोन्ही केमिस्ट्री लॅबच्या घातक कचऱ्याबरोबर पाठवून दिले. त्या रविवारी मेसमध्ये चटणी झाली नाही.

तेव्हापासून आमचे नियम ठरलेले आहेत. कीटकनाशक, ॲसिड, इंजिन ऑइल किंवा कुठलंही केमिकल भरलेला डबा फुलझाडालासुद्धा नाही. गाडीच्या बॅटरीचं खोकं तर हातातही घ्यायचं नाही, त्यात शिसं असतं. लेबल नाही, वास ओळखता येत नाही, विकणारा सांगत नाही, अशी वस्तू कितीही सुंदर असली तरी सोडून द्यायची. जुन्या ऑइल पेंटचे पोपडे निघणाऱ्या वस्तूंत, म्हणजे पाळणे, ड्रॉवर, पेट्या वगैरेंत, खायचं काही लावायचं नाही. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे ते नुसतं पाहून कळत नाही. टायरमध्ये शोभेची झाडं लावा, मेथी-कोथिंबीर नको.

खायच्या भाज्यांसाठी सगळ्यांत चांगलं भंगार म्हणजे ज्यात आधी खायचंच काही होतं ते: तेलाचे डबे, लोणच्याच्या बरण्या, पाण्याचे माठ, मेसमधल्या पिठाच्या बादल्या. प्लॅस्टिकच्या तळाला त्रिकोणात २ किंवा ५ आकडा असेल तर बरं, ३ म्हणजे पीव्हीसी, ते टाळा.

वजन पेलणार कोण?

पुदिन्याच्या प्रकरणानंतर आम्ही शहाणे झालो असं वाटलं होतं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, की २०० लिटरची पिंपं अर्धी कापून गच्चीवर ओळीनं बारा ठेवायची आणि त्यांत पपई, लिंबू, शेवगा लावायचा. पिंपं धुतलेली, आधी काकवी असलेली, म्हणजे आमच्या नियमात बसणारी. परवानगीसाठी अप्लाइड मेकॅनिक्सच्या सरांकडे गेलो. त्यांनी परवानगी दिली नाही आणि नाकारलीही नाही. एक कोरा कागद पुढे केला आणि म्हणाले, "हिशोब करा."

अर्ध्या पिंपात १०० लिटर माती. ओल्या मातीचं वजन लिटरला साधारण १.७ किलो धरलं तर एक पिंप १७० किलोचं. पिंपाचा व्यास ५८ सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे तळाचं क्षेत्रफळ ०.२६ चौरस मीटर. भागाकार केला तर तळाखाली चौरस मीटरला सुमारे ६५० किलो! आता आयएस ८७५ चा भाग २ उघडा. माणसांची ये-जा असलेल्या सपाट गच्चीसाठी धरायचा भार चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो. ये-जा नसलेल्या गच्चीसाठी त्याच्या निम्मा. एकटंदुकटं पिंप असेल तर स्लॅब तो भार आजूबाजूला वाटून घेतो, पण बारा पिंपं ओळीनं आणि शेजारी शेजारी ठेवली तर वाटून घ्यायला शेजारी जागाच उरत नाही. आणि आमची बिल्डिंग जुनी. कागदावर आकडे मांडून झाले तेव्हा आमच्याच खोल्या त्या गच्चीखाली आहेत हे आठवलं.

शेवटी चार पिंपं खाली जमिनीवर गेली आणि उरलेली भंगारवाल्याला परत. गच्चीवर फक्त लहान डबे राहिले, तेही कडेला तुळयांच्या रेषेवर, विटांच्या तुकड्यांवर उचललेले. विटांचा दुहेरी फायदा आहे. तळाची भोकं बंद होत नाहीत आणि खालची गच्ची वाळते, त्यामुळे वरच्या मजल्याला गळती लागत नाही. खोलीबाहेर पुढे आलेल्या बाल्कनीत कुंड्या नेहमी भिंतीलगत ठेवा. कठड्याच्या टोकाला ठेवलेल्या वजनाचा आधाराशी येणारा मोमेंट सर्वांत जास्त असतो, हे परीक्षेत आपण लिहितोच, मग घरी विसरायचं कशाला? आणि कठड्यावर कुंडी ठेवूच नका, खाली माणसं चालतात.

माती, ऊन आणि डास

वजन कमी करायचं तर माती बदलायची. शेतातली काळी माती पिशवी भरून आणायचा मोह होतो, पण कुंडीत ती वाईट वागते. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि तिच्या अतिबारीक पोकळीत पाणी धरून ठेवते. आमचं मिश्रण साधं आहे: एक घमेलं लाल पोयटा माती, एक घमेलं मुरलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, एक घमेलं कोकोपीट. कोकोपीट नसेल तर रसवंतीवरची उसाची चिपाडं बारीक करून, कंपोस्टात अर्धवट कुजवून घातली तरी चालतात. मेसमधल्या भाज्यांची देठं-सालं आम्ही झाकणाच्या बादलीत कुजवतो.

हे मोठ्या प्रमाणावरही जमतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या (आताचं मुंबई बंदर प्राधिकरण) कँटीनच्या गच्चीवर प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या सुमारास स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावरच फळझाडं आणि भाज्या वाढवायला सुरुवात केली. त्यांच्यामागे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'चा विचार होता.

एप्रिल-मेमध्ये पत्र्याचा डबा किंवा काळी बादली उन्हात इतकी तापते की कडेची मुळं भाजून निघतात. बाहेरून चुन्याचा हात मारा किंवा ओलं गोणपाट गुंडाळा. मातीच्या माठाला हा त्रास कमी, कारण त्याच्या अंगातून पाणी झिरपून तो स्वतःच गार राहतो. म्हणूनच त्याला पाणीही जास्त वेळा घालावं लागतं.

पावसाळ्यात शत्रू बदलतो. डेंग्यूचा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. कुंडीखालच्या ताटल्या, टायरची पोकळी, घंगाळाचा तळ, सगळं आठवड्यातून एकदा ओता आणि नुसतं ओतू नका, घासा. अंडी कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात.

काय लावावं? भांड्याची खोली पाहून ठरवा. १५ सेंटीमीटरमध्ये कोथिंबीर, मेथी, पुदिना होतात. मिरची आणि तुळशीला २५ तरी हवेत, टोमॅटोला ३०, कढीपत्त्याला ४० च्या पुढे. उथळ टबात कोरफड किंवा ऑफिस टाइम लावायचा असेल तर मातीत विटांचा चुरा जास्त घाला, म्हणजे पोकळी मोठी होते आणि तळचा चिखल कमी उरतो. सुट्टीत घरी जाणाऱ्यांनी सदाफुली, कोरफड अशी सोशिक झाडंच निवडावीत. सबमिशनच्या आठवड्यात आपण स्वतः वेळेवर जेवत नाही, तिथे टोमॅटोला कोण विचारणार?

जाता जाता सांगायचं राहिलं. तो निळ्या काठाचा टब अजून आहे. वर्कशॉपमधून ड्रिल मागून आणलं, तळाला सहा भोकं पाडली. एनॅमलचे थोडे टवके उडाले, तेव्हा जीव हळहळला. आता त्यात विटांचा चुरा घातलेल्या मातीत ऑफिस टाइम आहे, सकाळी पहिल्या लेक्चरला निघताना फुललेला असतो. मोगरा शेजारी तेलाच्या डब्यात आहे. मेमध्ये आमची खोली रिकामी होईल, तेव्हा दोन्ही कुंड्या ज्याला हव्या असतील त्यानं माळीमामांना भेटावं. ते आधी तुम्हाला विचारतील, दिवसातून किती मग पाणी घालणार? उत्तर देण्याआधी मातीत बोट घालून पाहा.